पितळी नळी

बंदुकीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आखातात अल कुसैसला माझं मशीन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, तेव्हाची गोष्ट. अबू सालेम नावाचे एक म्हातारे अरब आपल्या वडिलांचं हातमशीन घेऊन आले. त्यावर वडील शिकारीची काडतुसं घरीच भरायचे. सगळं गंजलेलं. रॉकेलने घासून बाकीचं मोकळं झालं, पण एक पितळी नळी काही हलेना.

आमचे फिटर सावंत म्हणाले, "गरम करतो, झटक्यात सुटेल."

त्यांनी गॅसची ज्योत नळीजवळ नेली, तोच अबू सालेमनी त्यांचं मनगट धरलं.

"आग नहीं! पहले खोलो!"

"हाथ छोडो बाबा, जल जाएगा!" सावंत ओरडले. म्हातारा सोडेना. शेवटी मीच गॅस बंद केला.

तासभर तेल सोडत हळूहळू पिळल्यावर नळी सुटली. आतून काडतुसाच्या तीन टोप्या टेबलावर पडल्या. आच लागली की फुटणाऱ्या, अजून चकचकीत.

मी विचारलं, "आपको मालूम था?"

"हमको किदर मालूम? हमारा बाप को भी मालूम नहीं था," अबू सालेम म्हणाले. "इसलिए उसका सीधा हाथ में तीन ही उंगली था."