बाईंच्या बरण्यांतलं पाणी

इथं जमलेल्या सर्वांना नमस्कार. प्राचार्य सर, बाईंचे बंधू दत्ताभाऊ, बाईंच्या गल्लीतली मंडळी, आणि माझ्या आधीच्या-नंतरच्या तुकड्यांतले सगळे. माझं नाव अश्विनी. होटकर बाईंनी मला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. आता मी इथल्याच एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसभर काचपट्ट्या पाहते, बोलते कमी. आज तर शब्द जुळत नाहीत. आमच्याकडे अहवालात आधी जे दिसलं ते लिहितात, अर्थ नंतर. मी तसंच करते.

एक. मंगळवारी सकाळी बाई या कॉलेजच्या प्रयोगशाळेत अकरावीचं प्रात्यक्षिक घेत होत्या.

दोन. काचपट्टी सूक्ष्मदर्शकावर लावून त्या मुलांना रांगेत उभं करत होत्या. पहिल्या मुलीनं डोळा लावायच्या आत बाई कोसळल्या.

तीन. दुपारी रुग्णालयात त्या वारल्या. मेंदूत रक्तस्राव.

चार. दत्ताभाऊ जेऊरहून आले आणि बुधवारी सकाळी अंत्यविधी झाला.

पाच. त्याच दिवशी बाईंच्या घरातलं साठवणीचं सगळं पाणी ओतून टाकलं गेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या काचेच्या बरण्यांतलंही.

सहा. बरण्यांतल्या त्या पाण्यात जिवंत प्राणी होते. ते मेले.

हे झालं. शेवटचे दोन मुद्दे शोकसभेत कशाला, असं काहींना वाटेल. त्याकडे येते. आधी तिसऱ्या मुद्द्याबद्दल बोलते. ते दत्ताभाऊंना विचारून बोलते आहे, कारण रुग्णाचा अहवाल चारचौघांत सांगायचा नसतो.

मंगळवारी दुपारी आमच्या टेबलावर रक्ताचा नमुना आला. नळीवर नाव होतं. मला वाटलं, नावासारखं नाव. मग वय पाहिलं. मग आणून देणाऱ्या सिस्टरना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कॉलेजच्या मॅडम आहेत. शिकवता शिकवता पडल्या."

मशीननं आकडे दिले. काचपट्टी करायची गरज नव्हती. मी केली. थेंब पसरला, वाळवला, रंगवला आणि पाहिला. तांबड्या पेशी ठीक. पांढऱ्या पेशी ठीक. केंद्रकं जांभळी, कडा स्वच्छ. रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, पुरेशा. सगळं ठीक होतं. पेशीकडे पाहायचं कसं हे ज्यांनी मला शिकवलं, त्यांच्याच पेशी मी पाहत होते आणि त्यात एकही खोट सापडत नव्हती. मी पुन्हा पाहिलं. मला खोट सापडायला हवी होती.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून फोन आला. "होटकरांचा रिपोर्ट राहू द्या. पेशंट गेला."

नळी माझ्या हातात होती. त्या नळीतल्या पेशी जिवंत होत्या. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. माणूस गेला म्हणून त्याच्या सगळ्या पेशी त्याच क्षणी मरत नाहीत. नळीतल्या रक्तात त्या कितीतरी वेळ तग धरतात. श्वास घेणाऱ्या बाई वर नव्हत्या आणि त्यांच्या पेशी खाली माझ्या हातात होत्या. मी नळी फ्रीजमध्ये ठेवली. नियमानं ठेवतात. मग पुढचा नमुना घेतला. कुणाचा होता, काय होता, मला आठवत नाही. एवढ्या सगळ्या पेशी नीट असताना माणूस जातो कसा? मी शिकलेली आहे, मला उत्तर येतं. एक रक्तवाहिनी फुटणं पुरतं. उत्तर येतं आणि तरी कळत नाही. आज शनिवार आहे. आजही कळत नाही.

बाईंचा पहिला तास ज्यांनी अनुभवला आहे, ते इथं पुष्कळ आहेत. बाई फळ्यावर काही लिहीत नसत. नुसतं विचारत, "जिवंत म्हणजे काय?" आमच्या वर्गात माळशिरसचा एक मुलगा होता, धनाजी. तो मागं बसला आहे. तो म्हणाला होता, "हलतंय ते जिवंत, बाई."

"मग रिक्षा जिवंत आहे का रे?"

"रिक्षाला ड्रायव्हर लागतो की."

"तुला उठवायला आई लागते. पुढं बोल."

धनाजी म्हणाला, "खातंय ते जिवंत."

"रिक्षा पेट्रोल खाती. धूर सोडती. अंगावर ओरडती पण."

"पिल्लं न्हाय होत बाई रिक्षाला."

"नक्की? सोलापुरात दर वर्षी वाढतात तेवढ्या कुठून येतात मग?"

वर्ग हसला. धनाजी उभाच. बाई म्हणाल्या, "बस. उत्तर मलाही एका वाक्यात येत नाही. म्हणून आधी बघायचं, मग बोलायचं." आणि त्यांनी पिशवीतून बरणी काढली.

ती बरणी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. साधी लोणच्याची काचेची बरणी. आत गढूळ, पिवळसर पाणी. तोंडाला पातळ कापड. त्या पाण्यात पॅरामेशियम. एकच पेशी असलेला प्राणी, आकार चपलेच्या तळव्यासारखा. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर धुळीचा कण वाटेल किंवा तेवढाही नाही. बाई कॉलेजात नवीन होत्या तेव्हा त्यांनी कंबर तलावाच्या काठचं पाणी आणलं होतं, वेगवेगळ्या कडांचं. त्यातून हा वंश सुरू झाला. तेव्हापासून तो चालू होता.

त्याचं खाद्य म्हणजे कडबा. ज्वारीच्या कडब्याचे तुकडे पाण्यात उकळायचे, गाळायचे, थंड करायचे आणि उघडे ठेवायचे. त्यात जिवाणू वाढतात. मग जुन्या बरणीतलं थोडं पाणी त्यात सोडायचं. पॅरामेशियम ते जिवाणू खातं आणि वाढतं. काही आठवड्यांनी पुन्हा नवी बरणी, पुन्हा कडबा. एक पाळी चुकली की संपलं. बाई दूधवाल्याकडून पेंढी मागून आणत. तो विचारायचा, "बाई, म्हस घेतली का वो?" बाई सांगायच्या, "घेतली की. लई बारीक हाय. एका थेंबात अख्खा गोठा मावतो."

बरण्या त्या कॉलेजात ठेवत नसत. सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप लागतं. म्हणून घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथं थेट ऊन येत नाही.

आम्ही पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा मला त्या प्राण्याच्या अंगात एक गोल दिसला. फुगत होता, अचानक मिटत होता, पुन्हा फुगत होता. मी विचारलं, हे हृदय आहे का. बाई म्हणाल्या, "हृदय नाही. पंप आहे. आपल्या घरात पाणी येत नाही आणि याच्या घरात पाणी थांबत नाही. चारी बाजूंनी आत झिरपतं. हा बसलाय उपसत. उपसायचा थांबला की फुगून फुटेल." मग म्हणाल्या, "आता सांग, जिवंत म्हणजे काय?" मी बघत राहिले.

आता पाचवा मुद्दा.

गुरुवारी मी बाईंच्या घरी गेले. बरण्यांना नवं खाद्य द्यायची वेळ झाली असेल, या विचारानं गेले. सोबत कडब्याचं पाणी करून नेलं होतं. शेजारच्या अंबुकाकू घर आवरत होत्या. काकू इथं पुढच्या रांगेत बसल्या आहेत. काकू, मी हे सगळ्यांसमोर सांगणार हे तुम्हाला सकाळी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "सांग की. लपवायसारखं काय केलंय मी?" खरं आहे. काही नाही.

खिडकीत बरण्या नव्हत्या. मी विचारलं, "काकू, इथल्या बरण्या?"

"घासून पालथ्या घातल्यात मागं. उन्हात. बघ कशा लख्ख निघाल्यात."

"आणि आतलं पाणी?"

"मयताच्या घरातलं पाणी ठिवत न्हाईत, पोरी. बॅरल, हंडे, माठ, समदं ओतलं. ते तर नासलेलं हुतं. वास मारत हुता. बाईंना टाकायला सवड झाली नसंल म्हटलं."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "का गं? औषध हुतं का काय त्यात?"

मी म्हटलं, "जिवंत होतं, काकू. बाईंनी पाळलेलं."

काकू तिथंच ओट्याला टेकून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "दिसत न्हवतं की गं काही." आणि मग, "बाई रोज त्या खिडकीशी वाकून काय बघती, म्हनून मी हसायची तिला. म्हणायची, सासू हाय का तुझी त्यात?"

इथं एक गोष्ट स्पष्ट करते. मला कुणाला दोष द्यायचा नाही. मयताच्या घरातलं साठवलेलं पाणी टाकून देतात, ही आपल्याकडची रीत आहे. आणि सोलापुरात भरलेलं बॅरल ओतणं सोपं नसतं. नळाला पुन्हा पाणी कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. गल्लीतल्या बायकांनी ते ओतलं आणि मग आपापल्या घरातले हंडे उचलून बाईंच्या घरी आणले, आलेल्या माणसांच्या चहापाण्यासाठी. त्यांनी आपलं पाणी दिलं. बाईंना हे कळलं असतं तर त्या रागावल्या नसत्या. हे मी अंदाजानं म्हणते, सिद्ध करू शकत नाही.

मला करता येण्यासारखं जे होतं ते मी केलं. मोरीच्या तोंडाशी साचलेलं पाणी घेतलं, मागच्या गटाराचंही घेतलं, प्रयोगशाळेत नेऊन थेंब थेंब पाहिलं. काही नाही. बुधवारीच तिथं फिनेल टाकलं होतं. बरण्या साबणानं घासून उन्हात वाळवल्या होत्या. काही सूक्ष्म जीव सुकायला लागले की स्वतःभोवती कवच करून पडून राहतात आणि पाणी मिळालं की उठतात. पॅरामेशियम तसं करत असल्याचं माहीत नाही. तरी मी बरण्यांत पाणी घालून ठेवलं आहे. काही येणार नाही. ठेवलं आहे.

मंगळवारी वर्गात आणलेली छोटी बाटली धावपळीत टेबलावरून पडून फुटली. सूक्ष्मदर्शकावरचा थेंब वाळून गेला. माझ्याकडे बाईंनी दिलेली एक बाटली होती, तिच्यातले यंदाच्या उन्हाळ्यात मेले. बाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "जरा गार होऊ दे. मग ये, देते."

आता कुणी म्हणेल, कंबर तलाव जागेवर आहे. पुन्हा पाणी आणा, पुन्हा पॅरामेशियम मिळेल. बरोबर आहे. मिळेल. पुस्तकातल्या आकृतीशी तंतोतंत जुळेल. मग माझा हट्ट कशासाठी? मी स्वतःला हे विचारलं. माझ्याकडे जे उत्तर आहे ते देते.

हा प्राणी म्हातारा होऊन मागं पिल्लं सोडून जात नाही. तो मधोमध दुभंगतो. एकाचे दोन होतात, आणि मागं प्रेत उरत नाही. आई कुठली आणि मुलगी कुठली, हे विचारता येत नाही. म्हणजे बाईंनी तेव्हा तलावाच्या पाण्यातून जे उचललं, ते त्या बरणीत दुभंगत दुभंगत चालूच होतं. मध्ये खंड नाही. हे अमरत्व आहे असं मी म्हणणार नाही, कारण बाईंनी तसं म्हणू दिलं नसतं. नुसता दुभंगत राहिलेला वंश थकतो, विरतो. त्याला अधूनमधून दुसऱ्या वंशाशी केंद्रकाची देवाणघेवाण करावी लागते. बाई म्हणूनच बरण्या एकमेकींत मिसळत. म्हणूनच दर वर्षी शेवटच्या प्रात्यक्षिकाला मागेल त्याला एक बाटली देत, आणि कधी कुणी भेटायला आलं की म्हणत, "येताना तुझ्या बाटलीतलं चमचाभर आण." आम्हाला ती बाईंची लहर वाटायची. ती लहर नव्हती. वंश एका खिडकीत ठेवायचा नसतो, हे त्यांना माहीत होतं.

तेव्हा प्रश्न असा आहे, आणि तो मी इथल्या प्रत्येकाला विचारते आहे. बाईंनी दिलेली बाटली तुमच्यापैकी कुणाकडे जिवंत आहे का? तुमच्या शाळेत, दवाखान्यात, गावाकडच्या घरात? तुम्ही ती पुढं कुणाला दिली होती का?

मला ती कशासाठी हवी, तेही सांगते. अकरावीची ती तुकडी मंगळवारपासून प्रयोगशाळेत गेलेली नाही. रांगेत पहिली उभी होती ती मुलगी कॉलेजलाच आलेली नाही. तिची आई मला म्हणाली, "ती म्हणती, मी डोळा लावला असता तर बाई पडल्या नसत्या." यात तर्क नाही, हे तिलाही माहीत असणार. प्राचार्य सरांनी पुढच्या शुक्रवारी ते प्रात्यक्षिक मला घ्यायला सांगितलं आहे. व्हिडिओ दाखवता येईल. तलावाचं पाणी आणता येईल. पण त्या मुलीला मला सांगायचं आहे की बाई तुला जे दाखवत होत्या, ते हे आहे. याच्यासारखं नाही. हे. तिच्याशी खोटं बोलायची माझी तयारी नाही. जे दाखवीन ते खरं असेल, नाहीतर मी ते वाक्य बोलणार नाही.

थोडं मिळालं तरी चालेल. चमचाभर पुरेल, पण वाढायला काही दिवस द्यावे लागतात. आणताना झाकण घट्ट लावू नका. उन्हात ठेवू नका. पाणी कमी वाटलं तरी वरून नळाचं पाणी घालू नका. जिवंत आहे की नाही याची खात्री नसेल तर तुम्ही ठरवू नका, तशीच आणा, मी पाहीन. मेली असेल तर तसं कळवा. हरवली असेल तर तसं कळवा. कुणी काही म्हणणार नाही. मला मोजायचं आहे की कुठं कुठं शोधायचं राहिलं.

माझ्यानंतर सर सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगतील. बाईंना माझा नमस्कार.

माझा नंबर दाराजवळच्या फळ्यावर लिहिला आहे. सोमवारी संध्याकाळपर्यंत मला हो किंवा नाही कळवा.