मागे कुत्रं नाही, पुढे गाडी नाही

...आणि वर मला म्हणतो, "भावोजी, तुम्ही टाळ्या वाजवायला या." टाळ्या! म्हणजे बघा, आमच्याच घरी, आमच्याच सोफ्यावर बुटांसकट पाय घेऊन बसलेला हा माझा मेहुणा, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, स्वतःला कॅप्टन म्हणवतो. का, तर सकाळी चौकात जमणाऱ्या रिकामटेकड्यांच्या पुढे शिट्टी वाजवत पळतो म्हणून. अहो, मागे कुत्रं लागलेलं नाही, पुढे गाडी सुटत नाही, मग माणसाने पळायचं कशाला, तुम्हीच सांगा.

तुम्हाला सांगतो, मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. सगळं बसून काम. पोट टेबलाला टेकायला लागलंय, तेवढं मान्य. पण त्याच्या त्या वाक्यावर आमची ही जी हसली ना... भावाच्या विनोदासाठी एक वेगळंच हसू राखून ठेवलेलं असतं हो, नवऱ्याच्या वाट्याला ते कधी येत नाही. ते बघितलं आणि मी बोलून गेलो, टाळ्या कशाला, पळतोच की. झालं! गृहस्थाने तिथल्या तिथे मोबाइलवर माझं नाव घातलं. अख्खी मॅरेथॉन, बेचाळीस किलोमीटर. एवढ्या लांब बदली झाली तर माणूस रजा टाकून घरी बसतो.

पहिल्या दिवशी बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि विजेच्या खांबाला मिठी मारून उभा राहिलो. कॅप्टन शिट्टी वाजवत आला, म्हणे श्वास घ्या, श्वास. जसं काही तोवर मी श्वास शिल्लक टाकत होतो. आणि त्याची ती मंडळी! एकाला घड्याळाकडे बघितल्याशिवाय आपण दमलोय हे कळत नाही. एक दातांचे डॉक्टर, पळतात थोडं आणि फोटो काढतात फार. एक बाई आपल्या बुटांबद्दल असं बोलते की मला वाटलं, बूट कॉलेजात आहेत. मागे कुत्रं नाही, पुढे गाडी नाही, आणि चेहरे असे की घराला आग लागलीय.

म्हटलं, या येड्यांत आपण नाही. दुकान सुटलं की एकटाच कालव्याच्या रस्त्याने जायला लागलो. पळणं कसलं, कॅप्टनला मनातल्या मनात शिव्या घालत पुढे सरकणं. एका संध्याकाळी अशा शिव्या ऐन रंगात आल्या होत्या, आणि बघतो तर समोर जुना पूल. म्हणजे बेकरी, शाळा, पेट्रोल पंप सगळं कधीच मागे गेलेलं. आणि दम? होता की जागेवर. पुलाच्या कठड्याला हात लावून मी उभा राहिलो, इकडेतिकडे बघितलं... कोणीच नव्हतं हो बघायला.

तेव्हापासून काहीतरी बिघडलं माझ्यात. दुकानात एक साहेब तोच चष्मा तिसऱ्यांदा परत घेऊन आले, काच चुकलीय म्हणे. आमचे मालक नेहमीसारखे मला खूण करतायत, घास पुन्हा. मी बाहेर आलो आणि म्हटलं, काच बरोबर आहे, तुम्ही चष्मा नाकाच्या शेंड्यावरून वर घ्या. साहेबांनी घेतला. दिसलं त्यांना. मालक माझ्याकडे बघतच राहिले. मीसुद्धा आरशात बघून घेतलं, म्हटलं हा कोण?

मग तो दिवस उजाडला. कॅप्टन हात हलवून जो सुटला तो दिसेनासा झाला. मी आपला कालव्याच्या चालीने. पायांत गोळे आले, नखं दुखायला लागली, केळी वाटणारा माणूस मला काका म्हणाला, सगळं सोसलं. निम्म्याहून बरंच जास्त झालं, आणि बघतो तर दुभाजकावर कॅप्टन. बूट काढलेले, डोळ्यांत पाणी. म्हटलं, हीच वेळ, वाजवाव्यात टाळ्या. हात उचललेसुद्धा.

तो म्हणाला, "भावोजी, ताईला सांगू नका."

आमच्या लग्नाच्या वेळी हा शाळेत होता. अगदी तेव्हाचा आवाज हो. आता काय करणार? खाली बसलो. बसताना कळलं की उठणं अवघड आहे. त्याला बूट घातले, नाड्या बांधल्या, कोपराला धरून उभा केला आणि निघालो. वाटभर त्याला बोलत होतो, चल बावळटा, टाक पाय, कोणी सांगितलं होतं वाऱ्यासारखं सुटायला? मागे कुत्रं होतं का, पुढे गाडी होती का? तो रडत रडत नाही म्हणत होता. पाणी वाटणारे लोक टेबलं आवरायला लागले होते.

शेवटची कमान दिसली, तिथे आमची ही उभी. तिला बघितल्याबरोबर या माणसाने माझ्या हातातून कोपर सोडवून घेतलं, माझ्याच खांद्यावर हात टाकला, आणि आत पोचल्या पोचल्या म्हणतो, "ताई, भावोजींना एकटं सोडवेना गं. म्हणून थांबलो."

हिने भावाच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळली, "आभार तरी मानलेत का त्याचे?"

मी तोंड उघडलं. त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

मानले. अहो, एवढं पळून झाल्यावर भांडायला दम कुठून आणायचा?