पिंपात काय होतं

जबाब देणार: स्त्री, वय अंदाजे चाळीस, धंदा कारखान्यांची रिकामी पिंपं धुऊन विकणे, राहणार पिंपांच्या पत्र्याच्या शेडमागची खोली. वस्तीत मला पिंपवाली म्हणतात.

मी आज दुपारी ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील खोलीत मी नवरा आणि मुलीसह राहते. आमच्या कामाची रीत अशी की आलेल्या पिंपांच्या तळाशी जे उरलेलं असतं ते नवरा एका मोठ्या पिंपात ओततो. ते भरलं की टेम्पोवाला घेऊन जातो. कुठे नेतो ते आम्ही विचारत नाही. मोकळी झालेली पिंपं मी धुते.

माझा धाकटा दीर घातक कचऱ्याच्या सामाईक केंद्रावर कामाला आहे. लहान कारखान्यांना स्वतःची भट्टी परवडत नाही, म्हणून सगळ्यांचा विषारी माल तिथे एकाच जागी नेतात. गाडी आली की आधी प्रत्येक पिंपातला नमुना तपासतात. काय कशात मिसळायचं नाही, काय जाळायचं, काय पुरायचं, हे ठरल्याशिवाय तिथे पिंप जागचं हलत नाही. दीर नवऱ्याला सारखं सांगायचा, "दादा, हे आगीशी खेळणं सोड. तिकडे ये, मी तुझ्यासाठी शब्द टाकतो." नवरा हसायचा. म्हणायचा, "पोरीचं लग्न ठरवताना कोणी एवढी चौकशी करत नाही, तुम्ही कचऱ्याची करता!" मलाही हसू यायचं.

आज सकाळी रंगाच्या कारखान्याच्या सुपरवायझरने एक पिंप पाठवलं. त्यावरची चिठ्ठी खरवडलेली होती. आत काय आहे, असं नवऱ्याने सुपरवायझरला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "साबणाचं पाणी आहे रे, ओतून टाक." फोन स्पीकरवर होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. नवऱ्याने ओतलं, तसं मोठं पिंप दूध उतू जावं तसं फसफसून वर आलं आणि पिवळा धूर निघाला. मुलगी आत झोपलेली होती. नवरा ओरडला, "तिला घेऊन पळ!" मी पळाले. तो झाकण लावायला थांबला. मुलीला शेजारणीकडे टाकून मी परत आले, तेव्हा तो पालथा पडलेला होता.

अग्निशमनवाल्यांनी दोन्ही पिंपं आतून-बाहेरून धुऊन सगळं गटारात घालवलं. दीर नमुन्याची बाटली घेऊन धावत आला, पण तपासायला थेंब उरला नव्हता. तो तिथेच खाली बसला आणि रडला.

दवाखान्यात मी साबणाचं पाणी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, साबणाने माणसाची छाती अशी जळत नाही. नेमकं नाव आणा. मी अंधारात औषध देतोय, उलटं झालं तर माणूस हातचा जाईल." मी तशीच कारखान्यावर गेले. फाटकावरच्या माणसाच्या पाया पडले. आतून निरोप आला की पिंप आमचं नाहीच. हेच पिंप केंद्रावर गेलं असतं तर आत काय आहे ते तिथे पहिल्यांदा कळलं असतं, ओतायचं की नाही ते नंतर. आमच्याकडे उलटं झालं.

दिराचा आत्ताच दवाखान्यातून फोन आला. नवऱ्याला मशीन लावलं आहे आणि डॉक्टर पुन्हा नाव विचारत आहेत. हे मी हवालदारांना सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, आधी जबाब पुरा होऊ द्या. शांतपणे सांगा." मी शांतपणेच सांगते आहे. मला कोणाला तुरुंगात घालायचं नाही. हवं तर लिहा की चूक आमचीच आहे, त्यावरही मी सही करते. माझा जीव टांगणीला लागला आहे. मला फक्त नाव पाहिजे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे. फक्त कागदाच्या वरच्या रकान्यात पिंपातला माल म्हणून 'अज्ञात द्रव' असं लिहिलं आहे, ते बरोबर नाही. सुपरवायझरला तुम्ही चौकशीला आणलं आहे. तो बाहेर बाकावर चहा पितो आहे आणि त्याला ते ज्ञात आहे. सही मी मागून करते. आधी त्याला विचारा.