रात्रीच्या चित्रातले बाण

बुधाजी : अर्धा म्हणजे किती?

कालिंदी : अर्धा म्हणजे अर्धा, बाबा. इंग्रजीच्या परीक्षेत सात गुण पाहिजे होते, साडेसहा आले. बोलण्यात आठ आहेत, ऐकण्यात साडेसात. लिहिण्यात गेले.

बुधाजी : लिहिण्यात? पाण्यापासून वीज कशी होते, हाच प्रश्न आलेला ना?

कालिंदी : हाच.

बुधाजी : मग तपासणाऱ्याची चूक. एकवीस वर्षं गिरणीच्या स्विचरूममध्ये काढली मी. खोपोलीच्या पॉवरहाउसची लाइन आधी माझ्या हाताखाली, मग साचाखात्यातल्या मागांना. आणि माझ्याच पोरीला ह्या प्रश्नात कमी?

जाईबाई : सगळ्या चाळीत सांगान इलात, पोरगी आयर्लंडाक चालली म्हणून. आता गप ऱ्हवा जरा. तिका चाय तरी पिऊक देवा.

बुधाजी : परत बस परीक्षेला. काय बिघडतं?

कालिंदी : तिथल्या हॉस्पिटलची नर्सभरतीची यादी तीस तारखेला बंद होतेय. पुढच्या यादीला वय पस्तीसच्या आत लागतं.

जाईबाई : मार्चात पस्तीस पुरी होतली तुका.

कालिंदी : माहीमच्या एजंटने फाइल परत दिली. ती काय, टीव्हीवर ठेवलीय.

बुधाजी : पण चुकलं काय? ते तरी कळलं?

कालिंदी : क्लासच्या जयवंत सरांनी आठवेल तसं उत्तर पुन्हा लिहायला लावलं मला. त्यांनी बघितलं.

बुधाजी : आणि?

कालिंदी : काही नाही. स्पेलिंगच्या चुका.

जाईबाई : तुका औषधांची एवढी नावा येतत, नि ह्यात स्पेलिंग चुकला?

कालिंदी : आई, चहात साखर नाहीये.

बुधाजी : कालिंदी. त्या कॅलेंडरचं पान फाड. मागच्या बाजूला काढ चित्र. पेपरात होतं तसंच्या तसं.

चित्र पहिलं. दिवस.

कालिंदी : वर डोंगरात तलाव. ही भिंत. इथून पाइप खाली. हे टर्बाइन, हा जनरेटर. ह्या तारा, हे शहर.

बुधाजी : झकास. आणि हे खाली काय खरडलंयस?

कालिंदी : खालचा तलाव. काम झालेलं पाणी ह्याच्यात जमा होतं.

बुधाजी : खालचा तलाव कशाला? पाणी नदीला लागतं, नदी खाडीला. संपलं.

कालिंदी : चित्रात होता, बाबा.

बुधाजी : तू काय लिहिलंस?

कालिंदी : नदीतून समुद्रात जातं म्हणून.

बुधाजी : बरोबर लिहिलंस! त्या तुझ्या सरांना घेऊन ये इकडे. मी सांगतो त्यांना.

कालिंदी : शेजारी अजून एक चित्र होतं.

बुधाजी : काढ.

कालिंदी : राहू दे ना.

बुधाजी : काढ म्हणतो ना.

चित्र दुसरं. रात्र.

बुधाजी : हे तर तेच परत.

कालिंदी : बाण उलटे आहेत. खालच्या तलावातून वरच्या तलावात.

बुधाजी : छापणाऱ्याने घोळ घातला.

कालिंदी : मलापण तसंच वाटलं. म्हणून हे चित्र मी सोडूनच दिलं. उरलेला वेळ खोपोली आठवत बसले. आठ वर्षांची होते मी. पॉवरहाउसच्या खाली तुम्ही मला पाण्याच्या कडेला उभं केलंत, आणि माझी एक चप्पल वाहून गेली.

जाईबाई : नवी होती. दिवाळेची.

कालिंदी : मी रडायला लागले, चप्पल परत आणा म्हणून. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं?

बुधाजी : एकदा खाली आलेलं पाणी परत वर जात नाय.

कालिंदी : ते मी लिहिलं. इंग्रजीत. अगदी शेवटी.

बुधाजी : …म्हणजे मी घालवला तुझा अर्धा.

कालिंदी : तुम्ही नाही. समोर चित्रात आहे तेवढंच लिहायचं असतं. मी नसलेलं लिहिलं, असलेलं सोडलं.

बुधाजी : पण पाणी वर चढवतो कोण?

कालिंदी : तेच टर्बाइन. रात्री उलटं फिरवतात, पंपासारखं.

बुधाजी : कशावर फिरतं?

कालिंदी : विजेवर.

बुधाजी : वीज करायची आणि तीच जाळायची? अगो, मिळाली त्याच्यापेक्षा जास्त खाईल तो पंप. वेड्यांचा कारभार!

कालिंदी : रात्री वीज उरते ना, बाबा. शहर झोपलेलं असतं, कोणी वापरत नाही. त्या उरलेल्या विजेवर पाणी वर नेऊन ठेवतात, दिवसा परत सोडतात.

बुधाजी : उरते? कोण म्हणतो उरते? रात्री दोनला माझ्या मीटरचा काटा बघितलायस कधी? एका जागी चिकटलेला. परळ, लालबाग, करी रोड, सगळ्या गिरण्या एकदम ओढतात. जरा लोड कमी करा म्हणून पॉवरहाउसवाले फोनवर फोन करतात मला. रात्री तिसरी पाळी असते. उरेल कशी?

कालिंदी : कुठे असते, बाबा?

(बुधाजी कागद हातात घेतो, उलटा धरतो, पुन्हा सुलटा करतो.)

जाईबाई : गिरणीच्या संपाक बावीस वर्सां झाली. तेव्हापासून बंदच आसा ती.

बुधाजी : ठाऊक आहे. संपाच्या आदल्या रात्री पाळी माझीच होती. मीच ह्या हातांनी एकेक खात्याचा स्विच खाली केला. म्हटलं, पंधरा दिवसांत परत वर करू. लोक बाहेर पडले, त्यांचं काय झालं ते बघितलं. पण ती रात्रीची एवढी वीज. ती कुठे जात असेल, हे एकदापण डोक्यात आलं नाय माझ्या.

कालिंदी : बाबा, चहा घ्या.

बुधाजी : पेन कुठाय? नाय, तूच लिही. तुझं अक्षर बरं आहे. ह्या चित्राखाली लिही.

कालिंदी : आता कशाला? फाइल आलीय परत.

बुधाजी : लिही गो. रात्री वीज उरते.

कालिंदी : लिहिलं. पुढे?

बुधाजी : पुढे काय. घ्यायला कोण नाय.