लेखक काय, पैशाला पासरी!

…आणि वर मलाच म्हणतात, "लेखक काय, पैशाला पासरी!" अहो, असतील पासरी, नाही कोण म्हणतंय, पण मला पासरीभर नकोयत हो, मला एक हवाय! एकच धड लेखक, त्याच्या पुस्तकात दुसरं जग असू दे, दोन चंद्र असू देत, राक्षस, यानं, काय वाट्टेल ते असू दे, पण दादा ज्याला नावं ठेवणार नाही असा एक… दाखवा मला! चपला झिजल्या माझ्या.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक होता, आता निवृत्त. तो दुकानात शिरला की दुकानदार आधी तराजू पुसायला घ्यायचा, असा माणूस. दुसऱ्या गावी राहतो, वहिनी गेल्यापासून एकटाच. मी इकडे लिफ्ट दुरुस्त करतो. आणि लहानपणापासून दोघांना खूळ एकच, ही असली पुस्तकं! घरात पुस्तक यायचं एक, वाचणारे दोन, रोज मारामाऱ्या. एकदा बाबा उठले, सुरी घेतली आणि पुस्तक मधोमध कापलं! "घ्या! आता आवाज बंद!" तेव्हा जी रीत पडली ती केस पिकले तरी चालूच आहे बघा. पुस्तक कापायचं, पहिला अर्धा आधी दादाचा, कारण तो थोरला, तो वाचून झाला की माझ्याकडे, मग दादा दुसऱ्या अर्ध्यावर. आणि नियम एकच, पुढे गेलेल्यानं मागच्याला काही सांगायचं नाही. मग रविवारी फोन, तासभर, दोघांचं वाचून झालंय तेवढ्यावर भांडायचं. सुख हो, सुख!

आणि आमचा लेखक गेला. नऊ भाग लिहिले, दहावा अर्धा टाकून गेला! नायक विहिरीत दोराला लटकतोय, दोर तुटत आलाय, आणि लेखक गेला! माणसानं जावं, पण आधी त्या पोराला वर तरी काढावं की नाही?

पुढच्या रविवारी फोन. "काय रे?" "काही नाही." "बाकी?" "बाकी काय, ठीक." "बरं. बाकी?" …आता दोन सख्खे भाऊ "बाकी, बाकी" किती वेळ म्हणणार? तब्येतीचं विचारलं तर तो चिडतो, वहिनीचं नाव काढलं तर गप्प होतो. तेव्हा कळलं मला, आमच्याकडे बोलायला दुसरं काही नाहीच! म्हटलं, नवीन लेखक शोधतो. बायको म्हणाली, "एवढं काय त्यात? लेखक काय, पैशाला पासरी!"

गेलो ग्रंथालयात. तिथल्या बाई चष्म्यावरून बघत, "कुठला लेखक हवाय?" म्हटलं, तेच विचारायला आलोय. "नाव सांगितल्याशिवाय मी शोधू कशी?" अहो बाई, नाव माहीत असतं तर मी शोधत कशाला फिरलो असतो! गेलो दुकानात. विक्रेता म्हणतो, "सर, हे घ्या, जबरदस्त आहे, चौदा भाग!" म्हटलं, चौदाही लिहून झालेत? "पहिला झालाय सर." म्हटलं, लेखकाचं वय काय? तब्येत कशी असते? जेवणखाण वेळेवर आहे ना? मुलीनं मोबाइलवर ॲप घालून दिलं, "बाबा, हे तुमची आवड ओळखतं." कसली आवड? मी कधीतरी लिफ्टसाठी ग्रीस मागवलं होतं, त्यानं मला ग्रीसच दाखवलं, वेगवेगळ्या डब्यांत!

तरी घेतली हो पुस्तकं. एकेक कापलं, पाठवलं. आणि रविवारी निरीक्षकसाहेबांचा अहवाल! "ड्रॅगन डोंगराएवढा म्हणतो हा. खातो काय? त्या खोऱ्यात गुरं किती? हिशेब लावून दाखव मला!" दुसरं पाठवलं. "एवढी माणसं यानात बसवून निघालाय, पाणी कुठाय?" तिसरं पाठवलं. "पुन्हा अनाथ पोरगा, पुन्हा खांद्यावर खूण, पुन्हा म्हातारा येणार आणि 'तूच तो' म्हणणार… अरे, दुसऱ्या कुणाला निवडत नाहीत का हे लोक कधी?" आणि खोटं का बोलू, बरोबरच होतं हो त्याचं! सगळीकडे आधी नकाशा, मग राजघराण्याची वंशावळ, मग भविष्यवाणी. गोष्ट सुरू होईपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा.

आणि मग एका रविवारी दादा म्हणाला, "जाऊ दे रे. नको शोधूस आता. आणि हे बघ… दर रविवारी फोन केलाच पाहिजे असं काही नाही." अगदी सहज म्हणाला. तो माणूस आठवडाभर त्या रिकाम्या घरात कुणाशी बोलतो? कुणाशीच नाही! आणि आता माझ्याशीही नाही? नुसत्या लेखकाअभावी? आणि लोक म्हणतात, लेखक काय, पैशाला पासरी!

त्याच आठवड्यात एका इमारतीत लिफ्ट अडकली. आत एक बाई. धावत गेलो, दार फाकवलं, बघतो तर बाई खाली मांडी घालून वाचतायत! म्हटलं, या बाहेर. तर वर न बघताच, "थांबा ना जरा, प्रकरण संपतच आलंय." म्हटलं, सापडला! जिचा पाय लिफ्टमधून निघत नाही, तिचा लेखक खणखणीत असणार! नाव विचारलं, तसाच दुकानात. आणि या खेपेला ठरवलं, आधी आपण चाखून बघायचं, मगच दादाला. पहिला अर्धा वाचला. नकाशा होता. वंशावळ होती. खूणसुद्धा होती हो, खांद्याऐवजी गुडघ्यावर! पण शेवटी शेवटी जरा रंगत आली. म्हटलं, पाठवू. दोन्ही अर्ध्यांना खाकी कागदाचं कव्हर घालायची माझी सवय, एक उचलला, पाकिटात घातला, तेवढ्यात कुठली तरी लिफ्ट बंद पडल्याचा फोन, बायकोला म्हटलं कुरिअरला दे, आणि पळालो. दुसऱ्या दिवशी डबा खाऊन दुसरा अर्धा उघडतो, तर समोर काय? नकाशा!!

दुसरा अर्धा गेला होता दादाकडे. म्हणजे संपलंच की सगळं! ज्याला सुरुवात दिली तरी पटत नाही, त्याला मी मधूनच ढकलून दिला! रविवारी फोन वाजला, उचलला, आणि पलीकडून दादा, "अरे, हा लेखक आहे कोण? काय माणूस आहे! नकाशा नाही, वंशावळ नाही, एकदम लढाईतच नेऊन उभं करतो! कुणाचा बाप कोण, अवाक्षर सांगत नाही! वाचकाला अक्कल आहे असं समजतो हा!" तास झाला, दीड तास झाला, दादा बोलतोय, हसतोय, वहिनी असती तर तिला आवडलं असतं म्हणाला… आणि मी नुसता हूं हूं करतोय, डोळ्यांत पाणी माझ्या!

पण मन खायला लागलं. शेवटी म्हटलं, दादा, एक चूक झालीये. तर म्हणतो, "अरे, पुस्तक पान दोनशे सातपासून सुरू होतं. मी जन्मभर काय तपासलं? पहिल्या मिनिटाला कळलं मला. यापुढे असंच पाठवायचं!" म्हटलं, आणि पहिला अर्धा? "तो तू वाच. मला नको." म्हटलं, बरं, मग तुझा अर्धा वाचून झाला की मला पाठव. "पाठवतो की. पण आधी पुढचं पुस्तक येऊ दे, मग पाठवतो." ते गेलं. "आता त्याच्या पुढचं येऊ दे!" आता कपाटभर पहिले अर्धे झालेत माझ्याकडे. कुठल्याही राज्याचा नकाशा विचारा, डोळे मिटून काढून देतो! पुढे काय झालं, त्याचा पत्ता नाही. परवा न राहवून म्हटलं, दादा, निदान तो गुडघ्यावरच्या खुणेचा पोरगा जगला का, एवढं तरी सांग!

तर म्हणतो, "नाही हं! नियम म्हणजे नियम. मी पुढे आहे, तू मागे आहेस… बाकी?"