पुतळ्यापुढचा नारळ

हसा गा तुम्ही, पण यंदा विज्ञान दिनाला नागपुरात माझी काय इज्जत गेली ते ऐका. आमच्या चौकात त्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाचा पुतळा आहे ना, फेटेवाला? वर्षभर त्याच्याकडे कबुतरांशिवाय कोणी फिरकत नाही. पण सारा देश विज्ञान दिन पाळतो, तेव्हा त्याला धुऊन-पुसून काढतात आणि फिजिक्सचा मास्तर म्हणून हार मीच घालतो.

यंदा हार घेऊन गेलो, तर एक बाई आधीच हजर. पुतळ्याला कुंकू लावून झालं होतं, उदबत्ती पेटली होती आणि आता हातात नारळ.

मी ओरडलोच, "अहो ताई, काय करून राहिल्या? शास्त्रज्ञ आहे तो, देव नाही!"

"माहीत आहे न सर. पोरीचा बारावीचा फिजिक्सचा पेपर आहे परवा. बाकीचे विषय गणपतीले सांगितले, पन फिजिक्स त्याले कसं जमन?"

"नवसानं कोणी पास होते का? माझ्याकडे पाठवा तिले, मी शिकवतो!"

बाई जरा अवघडल्या. "सर, दोन वर्षांपासून तुमच्याच क्लासले येऊन राहिली ना ती. म्हनून तर नारळ आनला."

मग काय करता? नारळ मीच फोडून दिला.