यंत्रात बिघाड नव्हता, याबद्दल

नाव ठाण्याच्या वहीत घेतलं आहे. कॉलेजात आणि दुकानात मला भडकू म्हणतात. वय तेवीस. धंदा: पाण्याखाली चालणारे मेटल डिटेक्टर दुरुस्त करणे व ते घेऊन पाण्यात उतरणे. शिक्षण: इलेक्ट्रॉनिक्सचं दुसरं वर्ष, अपूर्ण. राहणार मामाच्या दुकानावरच्या खोलीत.

मला ठाण्यात आणल्यावर मी समोर बसून, कोणी दरडावल्याशिवाय सांगतो की, फिर्यादी म्हणजे नवरा मुलगा, याचं जिच्याशी लग्न ठरलं तिला मी ओळखतो. ती कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. मी कॉलेज सोडलं त्याचा आणि तिचा काही संबंध नाही. हवालदारसाहेबांनी विचारलं नव्हतं, तरी सांगून ठेवतो.

काल सकाळी तलावावरच्या बोट क्लबच्या लाकडी धक्क्यावर फिर्यादीने तिच्या बोटात अंगठी घातली. फोटोवाला म्हणाला, "परत एकदा काढून घाला, चेहरा नाही आला." काढताना अंगठी पाण्यात पडली. फिर्यादीने सगळ्यांदेखत तिला ऐकवलं, "तुला साधा हात धरता येत नाही." क्लबच्या मॅनेजरने मामाला फोन केला, मामाने मला पाठवलं. अंगठी कोणाची, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

पाणी गळ्याएवढं, तळाला चिखल. यंत्र चालू केलं तर ते वाटेल तिथे वाजायला लागलं. एकदा तपासून झालेल्या जागी परत गेलो तर तिथेही वाजे. असं झालं की एकेक कारण काढून टाकायचं असतं. मी बॅटरी बदलली. हेडफोनच्या जोडात पाणी शिरलंय का पाहिलं, तो कोरडा होता. दांड्याभोवतीची वायर सैल असली तरी यंत्र उगाच ओरडतं, म्हणून ती घट्ट गुंडाळली. सेन्सिटिव्हिटी कमी केली. अंगावरचं घड्याळ आणि सुरी काढून वर ठेवली. तरी वाजणं तेच.

फिर्यादीचे काका वरून म्हणाले, "मोबाइलसारखं बंद करून चालू कर की." फिर्यादी म्हणाला, "काका, दुसऱ्या वर्षाला नापास आहे तो. जरा हळू सांगा." मी नापास नाही, मी सोडलं. ही दुरुस्ती जबाबात यावी.

मी डोकं थंड ठेवलं आणि जिथे वाजलं तिथे चिखलात हात घातला. चमचा निघाला. चकचकीत, गंजाचा डाग नाही. फिर्यादीची आत्या म्हणाली, "माझाच तो. वाजलं ना? मग ठीक आहे तुझं यंत्र. मी आपलं बघत होते." पुढच्या जागी काकांची कपाटाची किल्ली निघाली. काका म्हणाले, "पारख नको करायला? आजकाल कोणीही दांडा घेऊन येतो." तिच्या बाबांनी नाणं टाकलं होतं, ते निदान कबूल करताना खाली बघत होते. फिर्यादीने शर्टाचं सोन्याचं बटण टाकलं होतं. त्याचं म्हणणं, सोन्याची परीक्षा सोन्यानेच करायची असते. म्हणजे मी पुढे जागा साफ करत होतो आणि मागे ही मंडळी एकमेकांना न सांगता एकेक वस्तू सोडत होती. मी सगळ्यांना हात वर करून उभं राहायला लावलं. यंत्र लगेच गप्प झालं.

नंतर ते एकदाच वाजलं, धक्क्याखाली, खांबांच्या मध्ये. आवाज स्वच्छ होता.

ती तिथल्या खालच्या पायरीवर एकटी बसली होती. मी अंगठी वर काढून तिच्या हातात दिली, कारण तिची होती. तिने मूठ मिटली. म्हणाली, "भडकू, नाही सापडली म्हणून सांग." मी विचारलं, "का?" ती म्हणाली, "सांगशील की नाही?" मी वर जाऊन सांगितलं, नाही सापडली.

फिर्यादी म्हणाला, "खिसे उलटे कर. यांना कॉलेज झेपत नाही, हे बरोबर झेपतं." मी त्याला पाण्यात ढकललं. हे कबूल आहे. त्याला वर घ्यायला यंत्राचा दांडाही मीच पुढे केला. यंत्र चालूच होतं, ते त्याच्या पट्ट्याच्या बकलावर असं वाजलं की माझ्या गळ्यातल्या हेडफोनमधून आत्यालाही ऐकू आलं. यावरून यंत्र शेवटपर्यंत चांगलं होतं हे ध्यानात यावं.

कालपासून मला अंगठी कुठे आहे हे विचारलं जात होतं. मामा येऊन म्हणाला, "अरे, काय ते सांगून टाक. चोरीचा शिक्का बसला तर तू जाशीलच, माझं दुकानही जाईल." मी सांगितलं नाही. कानाखाली बसली ती चुकून, असं हवालदारसाहेबांचं म्हणणं आहे, तसंच लिहावं.

आज ती स्वतः ठाण्यात आली. अंगठी टेबलावर ठेवून म्हणाली, "ही त्यांना द्या. मला हे लग्न करायचं नाही. यानं काही चोरलेलं नाही, खोटं बोलायला मीच सांगितलं." म्हणून मी आता बोलतो आहे. तिचा जबाब आधी झाला. जाताना ती माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "तू उगाच काही मनात आणू नकोस हं. तुझ्यासाठी नाही मोडलं." मी म्हणालो, माहीत आहे. हवालदारसाहेबांनी पेन थांबवलं. मी म्हणालो, हेही घ्या.

हे सर्व मला वाचून दाखवलं, आणि मी बोललो तसंच उतरलं आहे. शेवटचा भाग मनातल्या मनात वाचावा अशी मी विनंती केली, पण मोठ्यानेच वाचावा लागतो असं सांगण्यात आलं. बाहेर ती मघापासून स्कूटरला किक मारते आहे आणि स्कूटर सुरू होत नाही. प्लगमध्ये कचरा असावा. सही झाली की मला बघायला जाऊ द्यावं.